शेवटचा माणूस वर येईपर्यंत

गड कोणी घेतला, असा प्रश्न आपण इतिहासाला नेहमी विचारतो. गडावर शेवटचा माणूस कसा पोचला, हे मात्र कोणी विचारत नाही. आज मी गाविलगडाविषयी बोलणार आहे आणि बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगानं.

निमित्त छोटं आहे. अमरावती आणि अकोल्याच्या काही मुलामुलींनी डिसेंबरात दोन दिवसांची प्रस्तरारोहणाची सहल ठरवली आहे. वीस जणांतले पाच जण सह्याद्रीत कडे चढून आलेले आहेत आणि उरलेल्या पंधरांनी हातात दोरही धरलेला नाही. त्यांचा म्होरक्या माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, पहिल्या दिवशी गड पाहू, दुसऱ्या दिवशी चढाई करू. गडाचा इतिहास तुम्ही सांगा. पण तारखा कमी सांगा, पोट्टे झोपतात." मी कवितेतला माणूस. कड्यावर माझा काही अधिकार नाही. पण जुने कागद वाचायचा नाद आहे, आणि ते वाचताना लक्षात आलं, की या मुलांना जे नियोजन करायचं आहे त्याचा एक मोठा धडा आपल्याच डोंगरावर पडलेला आहे. तो युद्धाचा आहे, रक्ताचा आहे, तरी धडाच आहे.

आधी जागा समजून घेऊ. अमरावतीहून परतवाडा आणि तिथून घाट चढून चिखलदरा, हा रस्ता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. चिखलदऱ्याला लागूनच गाविलगड आहे. गवळ्यांच्या वस्तीवरून हे नाव पडलं, असं सांगतात. १४२५ साली बहमनी सुलतान अहमदशहा वली यानं इथं पक्का किल्ला बांधला, असं फिरिश्ता लिहितो. पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमादुल्मुल्क यानं तो मजबूत केला. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडचा, ब्राह्मणाच्या घरी जन्मलेला. गड मुघलांकडे गेला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८०३ साली भोसल्यांच्या वतीनं तो लढवणारा किल्लेदार बेनीसिंह हा रजपूत होता. वऱ्हाडच्या मातीत कोणतीच भिंत एका हाताची नाही, ही पहिली गोष्ट मी मुलांना सांगणार आहे.

१८०३ च्या २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानात इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. तिथून निसटलेलं पायदळ गाविलगडात शिरलं. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या जोडीला कर्नल स्टीव्हनसन होता. ५ डिसेंबरला त्यांच्या फौजा अचलपूरला पोचल्या. अडगावच्या जखमींची सोय त्यांनी तिथं केली. पुढच्या चढाला जे उपयोगी नाहीत त्यांना खाली सुरक्षित ठेवून मगच ते निघाले.

आता त्यांच्यापुढचा पेच पाहा. गडाचे दोन भाग. आतला किल्ला दक्षिणेकडे तोंड करून उभा. त्या बाजूला कडा सर्वांत उभा आहे. बाहेरचा किल्ला उत्तरेकडून आणि वायव्येकडून आतल्याला झाकतो. त्याच्याही पुढे लबाडा गावाच्या बाजूला तिसरी भिंत. वर जायच्या वाटा तीन. दक्षिणेची वाट लांब, खडी, फक्त माणसांनी चढावी अशी. वायव्येची वाट वापरातली. पण ती गडाला वळसा घालून जाते आणि तोफांच्या माऱ्यात येते. उत्तरेची लबाड्याकडची वाट सरळ आणि सोपी. तिची अडचण एकच, की त्या वाटेच्या तोंडाशी पोचायला अचलपुराहून डोंगरातून तीस मैल, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर फिरून जावं लागे. तोफा नेण्याजोगा रस्ता तर नव्हताच.

नवखा माणूस इथं काय करील? समोर दिसतो तो कडा चढायला जाईल. जाणत्यानं लांबची वाट धरली. ७ डिसेंबरला स्टीव्हनसनची फौज निघाली आणि १२ तारखेला लबाड्यापाशी पोचली. त्या दिवसांत सैनिकांनी अठरा पौंडी आणि बारा पौंडी तोफा, दारूगोळा, सगळं सामान जवळजवळ साऱ्या वाटेनं हातांनी ओढलं. दऱ्यांतून नेलं, डोंगरांवरून नेलं, आणि रस्ताही त्यांचा त्यांनीच तयार केला. या फौजेत मोठा भरणा होता तो कंपनीच्या हिंदी शिपायांचा. वेलस्लीनं आपल्या अहवालात या श्रमांचा आवर्जून गौरव केला. पण ओढणाऱ्यांची नावं त्यात नाहीत.

१२ च्या रात्री उत्तरेला मोर्चे उभे राहिले. त्याच रात्री वेलस्लीच्या माणसांनी दक्षिण दरवाजाखालच्या डोंगरावरही मोर्चा बांधला, पण त्या चढावर जड लोखंडी तोफा काही चढल्या नाहीत. या बाजूचा खरा उपयोग शत्रूचं लक्ष विभागण्यापुरता होता. १३ च्या सकाळी तोफा सुरू झाल्या, १४ च्या संध्याकाळपर्यंत बाहेरच्या भिंतींना खिंडार पडलं आणि १५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला. लेफ्टनंट कर्नल केनी यानं उत्तरेकडून मुख्य तुकडी नेली. दुसऱ्या दोन तुकड्या दक्षिण आणि वायव्य दरवाजांकडे गेल्या.

बाहेरचा किल्ला पडला. आणि मग हल्लेखोर आतल्या किल्ल्यापुढे येऊन थबकले. मधे दरी, पलीकडे भिंत, आणि त्या भिंतीला एकही खिंडार नाही. दोन्ही किल्ल्यांना जोडणाऱ्या दरवाजावर धडका देऊन झाल्या, काही होईना. तेव्हा भिंतीवर शिडी लावता येईल अशी एक जागा कोणाच्या तरी नजरेला पडली. चौऱ्याण्णवाव्या पलटणीच्या हलक्या पायदळाचा कॅप्टन कॅम्पबेल आपल्या माणसांसह शिड्या लावून वर चढला, आत उतरला आणि त्यानं दरवाजा उघडला. मग सारी तुकडी आत घुसली आणि गड पडला.

पुस्तकांत कॅम्पबेलचं नाव राहिलं. राहावं, ते धाडसच होतं. पण मी मुलांना विचारणार आहे, की त्या क्षणी शिडी तिथं नसती तर? खिंडार पडलंय, आता शिडी कशाला, असं म्हणून कोणी ती मागे टाकली असती तर? आणि चढलेल्या त्या मोजक्या माणसांनी वर जाऊन काय केलं, हेही पाहा. जे चढू शकत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी दार उघडलं. चांगल्या चढाईत पुढच्या माणसाचं काम हेच असतं. आजच्या प्रस्तरारोहणात अनुभवी गडी आधी वर जातो, भक्कम आधार शोधून दोर बांधतो, आणि मग नवख्याला वरून दोराचा आधार मिळतो. हात सुटला तरी तो लोंबकळतो, कोसळत नाही. त्याचं चढणं पहिल्या गड्यानं वर केलेल्या बंदोबस्तावर उभं असतं.

चढाईतली शिस्त सांगणारी आणखी एक हकीकत मला आठवते. ती वऱ्हाडातली नाही, गुजरातेतल्या चांपानेरची आहे, आणि गाविलगडाच्याही अडीचशे वर्षं आधीची. १५३५ साली हुमायून बादशहानं चांपानेरच्या किल्ल्याला वेढा घातला. एका बाजूचा कडा इतका सरळ, की तिकडे पहाराच ढिला. रात्री त्या कड्यात सत्तर-ऐंशी पोलादी खिळे ठोकले गेले आणि त्यांवर पाय ठेवून माणसं चढू लागली. एकोणचाळीस जण चढल्यावर बादशहा स्वतः पुढे झाला. बैरामखानानं त्याला थांबवलं. वरची माणसं पुढे सरकू द्या, वाट मोकळी होऊ द्या, असं त्याचं म्हणणं. मग आधी बैरामखान चढला आणि त्याच्यामागून हुमायून. अकबरनाम्यात ही हकीकत आहे. कड्यावर बादशहालाही पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आता गडाच्या आतल्या माणसांकडे वळू, कारण आपण वऱ्हाडची माणसं, आपलं मन भिंतीच्या आत असतं. बेनीसिंह लढता लढता पडला. त्याच्याबरोबर शेकडो माणसं मेली. बाहेरचा किल्ला पडला तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांनी वायव्य दरवाजानं निसटायचा प्रयत्न केला, आणि नेमकी तिथंच इंग्रजांची तुकडी उभी होती. गडाला वाटा तीनच. तिन्हींवर शत्रू आला तेव्हा माघारीला वाटच उरली नाही. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक सोडलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड सोडलं. गाविलगड आणि नरनाळा मात्र तेवढे त्यांच्याकडे ठेवले गेले. ज्या गडासाठी एवढी माणसं गेली तो गड तहात परत मिळाला. माणसं मिळाली नाहीत. हे वाक्य लिहिताना आजही माझी लेखणी अडखळते.

म्हणून मुलांच्या यादीत मी पहिलं कलम घालायला सांगितलं ते परतीचं. वर जाण्याची वेळ नंतर ठरवा, खाली येण्याची आधी ठरवा. डिसेंबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडतो, आणि मेळघाटच्या रानात अंधारात अस्वलाशी गाठ पडणं ही काही कवितेची गोष्ट नव्हे.

दुसरं कलम पाण्याचं. गाविलगडावर एक झरा आहे आणि त्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात, अशी नोंद अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत केली आहे. आपल्या दुसऱ्या गडावर, अकोटच्या वरच्या नरनाळ्यावर, शक्कर तलाव आहे आणि इतर तळीही पुष्कळ. गड बांधणाऱ्यांनी भिंतीइतकाच विचार पाण्याचा केला होता. पण आज त्या पाण्याच्या भरवशावर वीस माणसं नेऊ नयेत. पाणी खालूनच न्यावं, आणि ते कोणी उचलायचं हेही आधी ठरवावं. तोफा ओढणाऱ्यांसारखं हे काम दर वेळी त्याच चौघांच्या पाठीवर पडू नये.

तिसरं कलम दगडाचं. आपला सातपुड्यातला हा दगड म्हणजे काळा बसाल्ट, थरांवर थर बसलेला. एक थर लोखंडासारखा टणक, तर त्याला लागून ठिसूळ, भुसभुशीत पट्टा. हात घालण्याआधी दगड ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला तर तो सोडून द्यावा. हेल्मेट चढणाऱ्याला लागतं तितकंच खाली उभं राहणाऱ्यालाही, कारण निसटलेला दगड कोणाचा अनुभव विचारत नाही. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तो कडाच सोडावा. अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये, आरडाओरडा करू नये.

चौथं कलम परवानगीचं. गाविलगड आणि नरनाळा ही दोन्ही संरक्षित स्मारकं आहेत, आणि भोवतालचं रान व्याघ्र प्रकल्पाचं आहे. वन खात्याची परवानगी काढायची. गडाच्या भिंतीवर, बुरुजावर, दरवाजावर चढायचं नाही, खिळा तर मुळीच ठोकायचा नाही. कॅम्पबेलनं शिडी लावली तेव्हा ती शत्रूची भिंत होती. आज ती आपली आहे. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावर पंधराव्या शतकातला फारसी शिलालेख आहे. त्या अक्षरांना पाचशे वर्षांच्या उन्हापावसानं केलं नाही ते नुकसान एका बुटाच्या टाचेनं होईल. चढाईसाठी परवानगी मिळेल तो मोकळा कडा निवडावा, आणि तो शोधताना भोवतालच्या गावांतल्या कोरकू माणसांना विचारावं. ते रान त्यांच्या पायाखालचं आहे.

मग प्रश्न आला तो रांगेचा. पाच जाणते पुढे राहतील आणि पंधरा नवखे मागून येतील, असं म्होरक्यानं कागदावर लिहून आणलं होतं. मी त्याला स्टीव्हनसनच्या तोफांची गोष्ट पुन्हा सांगितली. तोफ ओढताना नुसते पुढे ओढणारे असून चालत नाही. चढावर ती मागे घसरू नये म्हणून मागेही माणसं लागतात. पोरगा हुशार. त्यानं कागद उलटा केला आणि नव्यानं लिहिलं: दोन जाणते पुढे, एक मधे, दोन सर्वांत मागे. ज्याला भीती वाटेल त्यानं दोर न बांधता खाली बसावं, आणि त्याला कोणी हसू नये. मागचे दोघे सगळे वर गेल्याशिवाय चढणार नाहीत, आणि उतरताना सगळे खाली पोचल्याशिवाय दोर सोडणार नाहीत.

त्या कागदावर सर्वांत खाली त्यानं एक ओळ लिहिली आहे आणि तिच्यापुढे कोणाचंच नाव घातलेलं नाही. ती ओळ अशी: निघताना वीस, परत आल्यावर वीस, मोजून घ्यावे.