गळालेली शिंगं शोधणारी कुत्री: अमेरिकेतला खेळ आणि आपल्याकडचा कायदा

गावोगावच्या मोबाईल ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. बर्फ नुकताच वितळलेला माळ, त्यावरून एक लॅब्राडोर कुत्रं पळत येतं. तोंडात हरणाचं भलंमोठं शिंग असतं आणि ते सरळ मालकाच्या हातात देतं. आमच्या गावातल्या पोरांनी तो बघून लगेच विचारलं, "आपल्या कुत्र्याला असं शिकवता येईल का?" शिकवता येईल. पण आपल्या भागात कुत्र्याने असं शिंग घरी आणलं तर मालक अडचणीत येईल. म्हणून हा खेळ काय आहे आणि आपल्याकडे नियम काय, दोन्ही समजून घेतलेलं बरं.

शिंग गळतं कसं?

गाय, म्हैस, शेळी किंवा काळवीट यांचं शिंग आयुष्यभर राहतं. आत हाड आणि वरून नखासारखं कवच असतं. चितळ, सांबर किंवा अमेरिकेतलं एल्क या हरणांचं तसं नसतं. त्यांची फाटे फुटलेली शिंगं आरपार हाडाची असतात आणि रेनडिअर सोडलं तर ती फक्त नरालाच येतात. वाढताना शिंगावर मखमली कातडं असतं. वाढ पूर्ण झाली की नर झाडाला घासून ते काढून टाकतो. माजाचा काळ संपल्यावर नराच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन उतरतं, शिंगाच्या बुडाशी हाड झिजतं आणि शिंग आपोआप गळतं. पुढे त्याच जागी नवं फुटतं.

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिंगं साधारण डिसेंबर ते मार्च आणि एल्कची मार्च-एप्रिलमध्ये गळतात. लोक ती सजावटीला, चाकूच्या मुठीला, कुत्र्यांना चघळायला म्हणून विकतात. वाळक्या गवतात शिंग माणसाच्या नजरेला पटकन दिसत नाही, म्हणून कुत्र्याचं नाक कामाला लावलं जातं.

कुत्र्याला कसं शिकवतात?

मुळात वस्तू उचलून आणायची आवड असलेलं कुत्रं लागतं. लॅब्राडोर जास्त वापरतात, पण दुसऱ्या जातीचं किंवा मिश्र जातीचं कुत्रंही शिकतं.

१. सुरुवात रबराच्या मऊ शिंगापासून होते. खऱ्या शिंगाचं टोक एकदा तोंडाला टोचलं की कुत्रं धास्तावतं आणि पुन्हा शिंगाला तोंड लावत नाही.

२. घरात किंवा अंगणात शिंग फेकायचं आणि आणलं की शाबासकी द्यायची. खेळ संपला की शिंग वर ठेवून द्यायचं. चघळायला दिलं तर कुत्रं शोधलेलं शिंग आणून न देता कुरतडत बसतं.

३. मग शिंगाचा आकार दाखवतात. मोकळ्या जागी शिंग उठून दिसेल असं ठेवतात. यातून कुत्रं नाकाबरोबर डोळाही वापरायला शिकतं.

४. शेवटी खरं शिंग गवतात लपवतात. लपवताना रबरी हातमोजे आणि गमबूट घालतात, नाहीतर कुत्रं शिंगाऐवजी मालकाच्या पावलांचा वास काढत जातं. ताज्या शिंगाला बुडाशी वास जास्त असतो. उन्हात पांढऱ्या पडलेल्या शिंगाला कमी, म्हणून ते शोधणं अवघड.

५. शोधताना वारा समोरून येईल अशा दिशेने कुत्रं चालवतात.

सगळ्यात महत्त्वाचा धडा मात्र वेगळाच आहे. समोरून हरीण उठलं तरी कुत्र्याने मागे लागायचं नाही आणि हाक मारली की परत यायचं. एवढं जमत नसेल तर कुत्रं रानात सोडत नाहीत.

स्पर्धा कशी असते?

मिनेसोटा राज्यातले कुत्र्यांचे प्रशिक्षक टॉम डॉकन यांनी या कामाला खेळाचं रूप दिलं. त्यांनी उभी केलेली नॉर्थ अमेरिकन शेड हंटिंग डॉग असोसिएशन ही संघटना चाचण्या आणि स्पर्धा भरवते. आखलेल्या मैदानात शिंगं आधीच लपवलेली असतात. मालक आणि कुत्रं अशी जोडी मैदानात उतरते आणि ठरलेल्या वेळात किती शिंगं हातात आणून दिली ते पंच बघतात.

तिथेही मोकळं रान नाही

हिवाळ्याच्या शेवटी हरणांच्या अंगातली चरबी संपत आलेली असते. अशा वेळी माणूस किंवा कुत्रं मागे लागलं तर पळण्यात उरलीसुरली ताकद जाते आणि जनावर दगावू शकतं. म्हणून वायोमिंग राज्याच्या पश्चिम भागात सरकारी जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं गोळा करायला बंदी आहे. कोलोरॅडोच्या पश्चिम भागातही याच काळात बंदी असते. हरणामागे कुत्रं सोडणं बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. वायोमिंगमधल्या जॅक्सन गावाजवळ एल्कचं अभयारण्य आहे. तिथली शिंगं कुणालाही उचलता येत नाहीत. स्काउटची मुलं ती परवानगीने गोळा करतात, मे महिन्यात गावात लिलाव होतो आणि पैशातला मोठा वाटा अभयारण्याला परत जातो.

आपल्याकडे शिंग दिसलं तर?

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. त्यात चितळ-सांबराचं शिंग सरकारची मालमत्ता धरलं जातं. "मी मारलं नाही, पडलेलं सापडलं" असं सांगून सुटका होत नाही. अशी वस्तू ताब्यात आली तर ४८ तासांत जवळचं पोलीस ठाणे किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. घरात ठेवणं, विकणं, कुणाला भेट देणं हे गुन्ह्यात मोडतं. साध्या गुन्ह्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अनुसूची एकमधल्या प्राण्याचा संबंध असेल तर शिक्षा आणखी कडक आहे.

म्हणून शेतात, बांधावर किंवा गुरं चारताना शिंग दिसलं तर उचलू नका. जागेवरच फोटो काढा आणि वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पडलेलं शिंग वाया जात नाही. साळिंदर आणि उंदीर कॅल्शियमसाठी ते कुरतडतात.

नाकाच्या कामाची कुत्री आपल्याकडेही आहेत, पण ती वन विभागाकडे. वाघ-बिबट्याची कातडी आणि हाडं शोधून काढायला ती शिकवलेली असतात. एका कुत्र्यामागे दोन माणसं तयार केली जातात.

पोरांनी हौस जरूर करावी. रबराचं खेळणं किंवा घरातली जुनी चप्पल गवतात लपवावी आणि कुत्र्याला शोधायला लावावं. शिकवायची रीत वर दिली आहे तीच. कुत्र्याला शोधण्यात आनंद असतो. शिंग शोधलं की चप्पल, याचा त्याला फरक पडत नाही.