चार्ल्स्टनची जुनी घरे

जुने घर पाडावयास चार दिवस पुरतात. ते पडू न देण्यासाठी मात्र कधी कधी माणसांची अर्धी आयुष्ये खर्ची पडतात. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन या बंदराचा इतिहास याची साक्ष देतो.

तांदूळ व नीळ यांच्या व्यापारावर हे शहर अठराव्या शतकात संपन्न झाले. व्यापाऱ्यांनी व मळेवाल्यांनी येथे टोलेजंग घरे उठविली. त्या वैभवाचा पाया आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमाचा होता. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात ही संपत्ती लयास गेली. पुढे दारिद्र्य आले, आणि नवे बांधावयास पैसा नाही म्हणूनच जुने बरेचसे शाबूत राहिले.

विसाव्या शतकात मोटारी आल्या. पेट्रोल पंपांना मोक्याच्या जागा हव्या झाल्या. जुन्या घरांतील कोरीव लाकूडकाम परगावी विकले जाऊ लागले. १९२० मध्ये जोसेफ मॅनिगॉल्ट यांचे, १८०३ च्या सुमाराचे, घर पाडले जाणार अशी वार्ता उठली. तेव्हा सुसान प्रिंगल फ्रॉस्ट या बाई पुढे सरसावल्या. घरांची खरेदी-विक्री हा त्यांचा व्यवसाय. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या आघाडीवर होत्या. त्यांनी मंडळी जमवून जुन्या निवासस्थानांच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापिली.

संस्था निघाली, परंतु तिच्याजवळ द्रव्य कोठून असणार? अखेर नेल प्रिंगल व त्यांचे पती यांनी त्या घराचा भार शिरावर घेतला. व्याज, कर आणि दुरुस्ती यांनी ते कुटुंब जेरीस आले. १९२२ मध्ये बाग तेलाच्या एका कंपनीस विकावी लागली, आणि तिच्या डौलदार प्रवेशद्वाराशेजारी पेट्रोल पंप उभा राहिला. शेवटी १९३३ मध्ये घर लिलावात निघाले. एका धनिक स्त्रीच्या देणगीने ते चार्ल्स्टनच्या संग्रहालयाकडे गेले, म्हणूनच वाचले.

एक घर राखता राखता एक कुटुंब असे झिजले. मग सारे शहर कोणाच्या पदरच्या पैशाने राखावयाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास नगरपालिकेने १९३१ मध्येच आरंभ केला होता. तिने जुनी वस्ती कायद्याने आखून दिली. तेथील घराच्या दर्शनी भागात फेरफार करावयाचा तर एका मंडळाची संमती आवश्यक झाली. अमेरिकेतील अशा प्रकारचा हा पहिला कायदा होय. पाडकाम नाकारण्याचा अधिकार मात्र त्या मंडळास कित्येक वर्षांनी मिळाला.

या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरे सुधारली तशी त्यांची किंमत चढली, आणि त्यांत भाड्याने राहणाऱ्या अनेक गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना बिऱ्हाड हलवावे लागले. वास्तू राहिली, वस्ती उठली.

१९५७ मध्ये नाव बदललेली ती संस्था आजही कार्य करीत आहे. मॅनिगॉल्ट यांच्या दारातील पेट्रोल पंप केव्हाच गेला; बाग पुन्हा फुलली आहे, आणि ते प्रवेशद्वार आपल्या जागी उभे आहे.