शाळेची वाट आणि सहा कसोट्या

मुलं खेळत नाहीत अशी आपली तक्रार असते. ती चालतात किती, हे कुणी विचारत नाही. श्रोतेहो, सत्तरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत दोघा गिर्यारोहकांना हा प्रश्न पडला. न्यूयॉर्कचे डॉक्टर हान्स क्राउस, जन्मानं युरोपातले, आणि त्यांच्या सहकारी रूथ हिर्शलँड. पुढे त्या बॉनी प्रुडन म्हणून गाजल्या. त्यांनी शाळकरी मुलांना सहा सोप्या कसोट्या दिल्या. उताणं झोपून उठून बसा, पाय उचलून दहा सेकंद धरा, गुडघे न वाकवता बोटं जमिनीला लावा. एक जरी चुकली तरी नापास! १९५४ साली आकडे छापून आले. अमेरिकेत जवळजवळ ५८ टक्के मुलं नापास. ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंडमध्ये ९ टक्केसुद्धा नाहीत.

आणि युरोप तर नुकता युद्धातून उठलेला. मग असं का? क्राउस यांनी बोट दाखवलं मोटारीकडे, लिफ्टकडे, शाळेच्या बसकडे. युरोपातली पोरं चालत होती, सायकल मारत होती, डोंगर चढत होती.

यात दमसास मोजलाच नाही, असं टीकाकार म्हणाले. आक्षेप खराच आहे. पण राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर हादरले आणि १९५६ मध्ये मुलांच्या तंदुरुस्तीसाठी परिषद नेमली गेली. लवकरच शाळाशाळांतून धावणं, पुल-अप्स, चेंडूफेक यांची मोजमापं सुरू झाली. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला इथं हसू येतं. हरवली होती वाट, आणि शोधून आणली फूटपट्टी! १९६९ मध्ये तिथली जवळपास निम्मी मुलं पायी किंवा सायकलनं शाळेत जात. २००९ पर्यंत उरली १३ टक्के.