भाकरीची पत

पाहुणे आले की आजी भाकरीची टोपली झाकायची आणि कणकेचा डबा काढायची. पाहुण्यांना चपाती, आपल्याला भाकरी. अख्खा सोलापूर जिल्हा ज्वारीचा, मग आपल्याला तिचीच लाज का, हे लहानपणी कळायचं नाही.

उत्तर कमाईत होतं. १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियमच्या कामगारांचे घरखर्च तपासले. घर जितकं गरीब, तितका खर्चातला मोठा वाटा खाण्यावर जातो, असं त्याला दिसलं. आपल्याकडेही तेच. १९९९-२००० मध्ये ग्रामीण भारतात घरखर्चातले सुमारे ५९ टक्के अन्नावर जायचे, २०२२-२३ मध्ये ४६. त्यात धान्याचा वाटा २२ टक्क्यांवरून ५ वर आला. दूध, फळं, पाकिटातलं खाणं वाढलं.

पैसा आला की माणूस नुसतं जास्त खात नाही, वेगळं खातो. सोलापुरात १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली. गिरणीतल्या माणसाच्या डब्यात भाकरीच असायची, गव्हाची पोळी सणाला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ‘मिलो’ ज्वारी आली. ती खाल्लेली माणसं आजही तोंड वाकडं करतात. पुढे हरितक्रांतीने गहू स्वस्त झाला, हातात पगार आला आणि सणाची चपाती रोजची झाली.

इकडे उजनीचं पाणी आलं तिथे ऊस आला. ज्वारी हाताने उपटायची, कणसं मोडायची; मजूर मिळेना, भावाची खात्री नाही. पेरा घटला.

आणि मग पत फिरली. डॉक्टर भाकरी खायला सांगू लागले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे. आज ही ज्वारी दुकानात गव्हापेक्षा महाग मिळते. मी कोडिंग करून कमावतो आणि कडक भाकरीचं पाकीट मोबाइलवरून मागवतो.

गेल्या दिवाळीत घरी आलो, तेव्हा भांड्याला येणाऱ्या मावशींना विचारलं, “घरी भाकरी करता का?”

“कुठली रे बाबा? रेशनला गहू न् तांदूळ मिळतो. ज्वारी इकत घ्यायची म्हंजे परवडत न्हाई.”

आजीने टोपलीतल्या दोन भाकऱ्या आणि शेंगाचटणी त्यांच्या डब्यात घातली. या वेळी टोपली झाकलेली नव्हती.