आघाडीचे राज्य आणि ठरावाचे बळ

संसदीय राज्यपद्धतीत एका पक्षास बहुमत न लाभल्यास भिन्न मतांच्या पक्षांस एकत्र यावे लागते. महाराष्ट्राने हा अनुभव प्रथम १९७८ साली घेतला. २८८ जागांच्या विधानसभेत जनता पक्षास ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ व इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. निवडणुकीत परस्परांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस पक्षांनी मिळून वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ बनविले; ते जुलैमध्येच कोसळले. १८ जुलै रोजी श्री. शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे शासन आले.

त्याच महिन्यात मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला. तथापि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली आणि ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर पडली. १७ फेब्रुवारी १९८० रोजी ते शासन बरखास्त झाले. नामविस्तार घडला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.

मंत्रिमंडळे संख्येच्या बेरजेने बनतात. परंतु न्याय्य ठराव तडीस जाण्यास समाजमनाची संमती लागते. ती घडविण्याचे कार्य आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचेही आहे, याचे स्मरण ज्ञातिबंधुभगिनींनी सदैव ठेवावे.