हुसेनसागरावरची शिडे

आमचे वडील, म्हणजे दादा, काचीगुड्याहून सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत सायकलने जात. मुशीराबादकडून गेले तर अंतर कमी पडे. पण दादा जाताना नाही तरी येताना टँक बंडचाच रस्ता धरीत. "दिवसभर फायलींची धूळ खाल्ल्यावर तेवढा वारा तरी खाऊ दे," असे म्हणत. रविवारी मला पुढच्या दांडीवर बसवून ते बंडावर आणीत आणि आम्ही दोघे पाण्याकडे तोंड करून चणेफुटाणे खात असू. याच बंडावर मी आयुष्यात प्रथम शीड पाहिले.

आम्ही मूळचे परभणीकडचे. गोदावरीची नाव पाहिलेली, ती बांबूच्या रेट्याने किंवा दोराने चालणारी. शीड, डोलकाठी, सुकाणू हे शब्द आमच्याकडे आले ते क्रमिक पुस्तकातून, कान्होजी आंग्र्यांच्या धड्यातून. गुराब आणि गलबत यांतला फरक मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, पण शिडात वारा भरतो म्हणजे नेमके काय होते ते मला ठाऊक नव्हते. घाटावरच्या मराठी माणसाचे हे असेच असते. आरमाराचा अभिमान असतो, पण पाण्यात उतरायचे म्हटले की पाय मागे येतो.

हुसेनसागर हैदराबाद शहरापेक्षा वयाने मोठा आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या अमदानीत, १५६२च्या सुमारास, हुसेनशहा वली यांच्या देखरेखीखाली मुसीच्या एका उपनदीवर हा बांध घातला गेला. हैदराबाद वसले त्यानंतर, १५९१ साली. म्हणजे आधी पाणी आणि मग शहर. पुढे निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. त्या फौजेची छावणी तलावाच्या उत्तरेला पडली आणि १८०६ साली तिला सिकंदरजाह निजामाच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळाले. दक्षिणेला निजामाचे शहर, उत्तरेला कंपनीची छावणी आणि दोहोंना जोडणारा हा बंड. त्यामुळे तलाव एकच असला तरी त्याचे दोन काठ दोन राज्यांसारखे होते.

शिडाच्या होड्यांचा नाद आला तो छावणीच्या काठाने. इंग्रज अधिकारी जिथे जाई तिथे आपला क्लब आणि आपले खेळ घेऊन जाई. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या पठारावर त्याला समुद्र सापडणार नव्हता, म्हणून त्याने तलावावरच हौस भागवली. १८७८ साली स्थापन झालेल्या सिकंदराबाद क्लबचा नौकानयन विभाग आजही याच पाण्यावर आहे. इंग्रज गेले. पोलीस कारवाई होऊन १९४८च्या सप्टेंबरात निजामी संपली. क्लबांतले चेहरे बदलले, पण फाटके तशीच राहिली.

त्यातल्या एका फाटकाशी माझी गाठ १९६८ साली पडली. मी बारा वर्षांचा होतो. शाळेतल्या एका मित्राला घेऊन तलावाला वळसा घालून उत्तरेच्या काठावर गेलो. होड्या जवळून पाहायच्या, जमल्यास हात लावायचा, एवढाच बेत. फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने आम्हांला अडवले. "अंदर नक्को आना बाबू, मेंबरांच आते इधर," तो दखनीत म्हणाला. आवाजात राग नव्हता. स्वतःलाही आत पाणी प्यायची परवानगी नसल्यासारखा तो बोलत होता. क्लबाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या काळात बहुतेक फाटकांवर हेच ऐकू आले असते.

घरी येऊन मी दादांना सांगितले. मला वाटले, ते चिडतील. ते म्हणाले, "आपल्याला काय करायचंय तिथं? वारा वाहील तशी पाठ द्यावी." ही म्हण त्यांच्या तोंडी नेहमी असे. पण त्यांनी स्वतः ती कधी पाळली, हे मला आजवर कळलेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. निजामाच्या राज्यातले मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. आमचे दोन्ही काका बिऱ्हाड आवरून औरंगाबादला गेले. वारा तिकडेच वाहत होता. दादा मात्र राहिले. "मुलाला विवेकवर्धिनी आहे, मला नोकरी आहे, दोन्ही हलवता येत नाहीत," एवढेच ते म्हणत. त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक श्राद्धाला त्यांना तोच प्रश्न विचारला जाई : "तुम्ही अजून तिकडेच?"

शिडाची होडी वाऱ्याच्या विरुद्ध जाऊ शकते, हे मला कळले ते तिशी गाठल्यावर. मी तेव्हा शिक्षक झालो होतो. आमच्या ओळखीत सातारकडचे एक हवालदार होते. सिकंदराबादला लष्कराच्या ईएमईचे मोठे केंद्र आहे आणि त्यांची नौकानयन संस्था हुसेनसागरावरच आहे. हवालदारसाहेबांनी एका जुलै महिन्यात मला शर्यत पाहायला नेले. काठावर उभे राहून मी विचारले, "वारा समोरून आहे, मग या होड्या तिकडे जाणार कशा?"

"मास्तर, घाटाचा रस्ता पाहिलाय ना?" ते म्हणाले. "सरळ चढता येत नाही, तर वळणं घेत चढायचं. इथंही तेच."

मग त्यांनी मातीत काडीने आकृती काढली. होडी वाऱ्याशी सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन धरून न्यायची आणि शीड ताणायचे. वारा शिडावरून वाहताना होडीला आडवी ओढतो. पण होडीच्या पोटातून खाली सोडलेली फळी तिला आडवी सरकू देत नाही. आडवे जाता येत नाही म्हणून होडी पुढे घुसते. थोडे अंतर डावीकडे, मग सुकाणू फिरवून थोडे उजवीकडे, असे नागमोडी करीत वाऱ्याच्या तोंडी लावलेले तरंगते पिंप गाठायचे. परतताना वारा पाठीशी घ्यायचा. "पाठीशी वारा घेऊन कोणीही येतो," हवालदारसाहेब म्हणाले. "शर्यत जिंकतात ती जातानाच्या वाटेवर."

होड्या सगळ्या एकाच जातीच्या होत्या. लेझर, एका माणसाची, एका शिडाची. ब्रूस कर्बी या कॅनडाच्या माणसाने १९७०च्या आसपास ती आखली. लांबी सव्वाचार मीटरच्या आत-बाहेर, वजन साठेक किलो, मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ती ऑलिंपिकमध्ये आहे आणि आता तिला इल्का म्हणतात. तिची खुबी अशी की प्रत्येक होडी दुसरीसारखीच असते. श्रीमंताची वेगळी आणि शिपायाची वेगळी, असे नाही. कर्नल आणि शिपाई एकाच रेषेवरून निघतात आणि पुढे कोण गेले हे ठरते ते डोळ्यांनी वारा कोणी आधी वाचला त्यावर. पाण्यावर जिथे बारीक काळसर लहरी उठतात तिथे वाऱ्याचा झोत येत असतो. तो हेरून तिकडे वळायचे. हुसेनसागरावर हे काम अवघड, कारण पावसाळ्याचा पश्चिमेकडचा वारा काठावरच्या उंच इमारतींना धडकून फुटतो आणि घटकेत दिशा बदलतो.

शर्यतीचे नियमही मला आवडले. आजच्या पद्धतीत सुरुवातीच्या पाच मिनिटे आधी निशाण चढते, मग चार मिनिटे, मग एक, आणि तेवढ्या वेळात सगळ्या होड्या रेषेमागे घिरट्या घालीत राहतात. थांबता येत नाही, कारण होडीला ब्रेक नसतो. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्याला डाव्या अंगाने वारा घेणाऱ्याने वाट द्यायची. चूक झाली तर आपणच आपल्याभोवती चकरा मारून दंड भरायचा, बहुतेक वेळा शिट्टी मारायला कोणी नसते. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि सर्व फेऱ्यांची बेरीज करून ज्याचे गुण कमी तो विजयी. आमच्या शाळेत हा हिशेब चालला असता तर मी दरवर्षी पहिला आलो असतो.

त्या काळात हा खेळ लष्कराचाच होता, असे म्हटले तरी चालेल. १९८२च्या एशियाडमध्ये फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. हैदराबादच्या वाट्याला तलाव आला. दरवर्षी पावसाळ्यात भरणाऱ्या हैदराबाद सेलिंग वीकला देशभरातले लेझरवाले येतात आणि आठवडाभर तलाव पांढऱ्या शिडांनी भरून जातो. बंडावरचे लोक दोन मिनिटे थांबतात, पाहतात आणि पुढे जातात.

मधल्या काळात तलाव मात्र आजारी पडत गेला. एके काळी हे पाणी शहर पीत असे. १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर झाले, तशी त्याची गरज संपली. ज्या पाण्याची गरज संपते त्याची लाजही संपते. कुकटपल्लीच्या नाल्याने कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी आत येऊ लागले. १० मार्च १९९० रोजी बुद्धाची प्रचंड एकसंध मूर्ती तराफ्यावरून नेताना पाण्यात बुडाली, काही माणसे दगावली. १ डिसेंबर १९९२ रोजी मूर्ती वर काढून मधल्या खडकावर उभी केली. जवळजवळ पावणेतीन वर्षे बुद्ध त्या गाळात होता. मूर्ती वर आली, गाळ तिथेच राहिला. पुढे जपानच्या कर्जातून शुद्धीकरणाची योजना झाली, काही फरक पडला, पण उन्हाळ्यात बंडावरून जाताना आजही नाकाला रुमाल लावावा लागतो.

दादा २००१ साली गेले. २ जून २०१४ रोजी तेलंगणा झाले आणि आम्ही एका जागी बसून तिसऱ्या राज्याचे नागरिक झालो. औरंगाबादच्या चुलतभावाचा फोन आला : "आता तरी येतोस का?" मी त्याला घाटाच्या वळणांची गोष्ट सांगू लागलो होतो, पण ट्रंक कॉलच्या काळापासूनची सवय, आमच्यात फोनवर लांबण लावीत नाहीत.

२००९ साली सुहेम शेख यांनी यॉट क्लब ऑफ हैदराबाद सुरू केला. गरीब घरांतल्या, सरकारी शाळांतल्या मुलामुलींना तिथे शिकवतात, हे मी वर्तमानपत्रात वाचत होतो. तिथे तयार झालेली प्रीती कोंगारा हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारताकडून उतरली. त्याच स्पर्धेत, सप्टेंबर २०२३ मध्ये, भोपाळच्या मोठ्या तळ्यावर शिकलेल्या नेहा ठाकूरने रौप्यपदक मिळवले. ती देवास जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. पवारांचे, कुमार गंधर्वांचे देवास. तिथेही समुद्र नाही.

माझी नात बारा वर्षांची. तिने त्या बातमीनंतर हट्ट धरला आणि मी तिला घेऊन उत्तरेच्या काठावर गेलो. पंचावन्न वर्षांनी. या वेळी फाटक उघडे होते. मुलांना आधी ऑप्टिमिस्ट नावाची डबीसारखी चौकोनी होडी देतात. अमेरिकेतल्या क्लार्क मिल्सने १९४७ साली मुलांसाठी, प्लायवुडचे दोन पत्रे पुरतील अशी आखलेली. पहिला धडा होडी मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करण्याचा. नात पाण्याखाली गेली तेव्हा माझा श्वास थांबला. वर आली ती तोंड वेडेवाकडे करीत. किनाऱ्यावर आल्यावर म्हणाली, "आजोबा, पाण्याखाली माझ्या पायाला गणपतीचा हात लागला."

खरेच लागला असावा. प्लास्टर ऑफ पॅरिस विरघळत नाही. २०२१ साली उच्च न्यायालयाने अशा मूर्ती हुसेनसागरात सोडायला मनाई केली, त्या वर्षापुरती सर्वोच्च न्यायालयाने शेवटची म्हणून सवलत दिली. कायद्याचे पुढे काय व्हायचे ते होईल. आमच्या घरचा गणपती दादा दरवर्षी सायकलच्या दांडीवर, मांडीत धरून, याच बंडावर आणीत. मीही साठ वर्षे तेच केले. हैदराबादेत राहून आपण मराठी आहोत हे शहराला दिसे, ते त्या दिवशी. ही वाट सोडायची म्हणजे दादांची एक जागा सोडायची, असे मला वाटत राहिले.

नातीने वाद घातला नाही. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तिने मागच्या अंगणात पितळी घंगाळ घासूनपुसून ठेवले आणि विचारले, "आजोबा, तुम्हांला चालेल ना?" शाडूची मूर्ती होती. आरती झाली, "पुढच्या वर्षी लवकर या" झाले. सकाळी घंगाळात माती खाली बसली होती. ती आम्ही तुळशीला घातली. मग तिची सरावाची वेळ झाली म्हणून दोघे तलावाकडे निघालो. जाताना बंडाचाच रस्ता घेतला.