गर्भाशयमुखाचा कर्करोग : विषाणू आणि मुकी झालेली जनुके

१/ १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या ३१ वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू झाला. तिला न विचारता घेतलेल्या पेशी ‘हेला’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. रोगाचे कारण त्या पेशींतच तीन दशके दडून होते.

२/ १९७०च्या दशकात संशय हर्पीस विषाणूवर होता. जर्मन संशोधक हाराल्ड त्सूर हाउसेन यांना तो गाठींत सापडेना. त्यांनी चामखिळींच्या विषाणूकुळात, म्हणजे एचपीव्हीत, शोध सुरू केला. १९८३मध्ये त्यांच्या गटाने एचपीव्ही-१६ शोधला, पाठोपाठ एचपीव्ही-१८. हेला पेशींतही हाच १८ निघाला. २००८मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

३/ परंतु बहुतेक स्त्रियांचे शरीर हा संसर्ग स्वतःच परतवते. मग कर्करोग कोणाला होतो? संसर्ग वर्षानुवर्षे टिकला, तर विषाणूची ई६ व ई७ ही प्रथिने पेशीचे पी५३ व आरबी हे राखणदार निकामी करतात. डीएनएवर मिथाइल गट चढवणाऱ्या विकरालाही ई७ चेतवते. जनुकाच्या आरंभी हे गट साचले, की जनुक शाबूत राहूनही मुके होते. गाठ रोखणारी जनुके अशीच गप्प होतात. म्हणून संसर्ग आढळलेल्या स्त्रियांपैकी धोका कोणाला अधिक, हे या खुणांवरून ताडता येते.

४/ कारण कळल्याचे मोल मराठवाड्याने पाहिले. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९मध्ये निष्कर्ष आला : ज्या गटात एचपीव्ही चाचणी एकदाच झाली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.